चारशे वेळा, आणि पुन्हा चारशे वेळा

या अंकासाठी आलेल्या पत्रांतली चार एकाच विषयावरची, वाचता-लिहिताना अडणाऱ्या मुलांबद्दलची निघाली, म्हणून सगळं सदर त्यांनाच देते आहे. नव्या वाचकांसाठी सांगते, मी मूळची भायखळ्याची, बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. लग्नानंतर इस्राएलला आले आणि 26 वर्षं इथल्या धार्मिक ज्यू हायस्कुलांत, शिकताना अडणाऱ्या मुलामुलींबरोबर काम केलं. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं त्यांच्या इच्छेप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न: शालोम ताई. माझा मुलगा मुलांच्या धार्मिक हायस्कुलात दहावीला आहे. शाब्बाथच्या (शनिवारच्या विश्रांतिदिवसाच्या) जेवणाला तल्मूदवरून (ज्यूंच्या धर्मचर्चेच्या ग्रंथावरून) बाबांशी, पाहुण्यांशी असा वाद घालतो की ऐकत राहावं. पण लेखी परीक्षेत 34, 41 असे गुण येतात. वही उघडायचं नाव नाही. गेमारा (तल्मूदमधली चर्चा) शिकवणारे रब्बी (धर्मगुरू) म्हणतात, डोकं आहे, कष्ट नाहीत. ह्यांचंही तेच म्हणणं. गेल्या महिन्यात ह्यांनी त्याचा फोन काढून घेतला, तरी काही फरक नाही. आता शाळा म्हणते, गेमारातून सूट घ्या, नाहीतर हातकाम शिकवणाऱ्या शाळेत घाला. मी काय करू?
— एक आई, दिमोना

उत्तर: पहिलं म्हणजे फोन आजच परत द्या. त्याची गरज लागणार आहे, ती कशी ते पुढे येईल.

या शाब्बाथनंतर एक करा. त्यानं कधी न पाहिलेलं इतिहासाचं किंवा तनाखचं (ज्यू बायबलचं) एक पान निवडा. अर्धं पान त्याला एकट्याला वाचू द्या आणि काय समजलं ते विचारा. उरलेलं अर्धं तुम्ही किंवा त्याच्या बाबांनी मोठ्यानं वाचा आणि पुन्हा तोंडीच विचारा. लिहायला काही लावू नका. पहिल्या अर्ध्याबद्दल तो दोन तुटक वाक्यं बोलला आणि दुसऱ्या अर्ध्याबद्दल बोलता बोलता तुम्हालाच चार प्रश्न विचारू लागला, तर अडचण समजण्यात नाही, कागदावरची अक्षरं डोक्यापर्यंत पोचण्यात आहे. पत्रावरून मी निदान करत नाही, ते तपासणाऱ्यानं करायचं. पण जो मुलगा समोरच्याचं म्हणणं मनात धरून त्यातली खोच शोधतो, त्याला आळशी म्हणणं मला कधीच पटलेलं नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांना कदाचित कल्पना येणार नाही, म्हणून हिब्रूबद्दल थोडं सांगते. हिब्रूत स्वरांच्या खुणा अक्षरांच्या खाली-वर ठिपक्यांनी देतात. लहान मुलांच्या पुस्तकांत त्या असतात, मग दोनतीन वर्षांत नाहीशा होतात आणि उरतात फक्त व्यंजनं. सामेख, पे, रेश ही तीन अक्षरं ओळीनं आली तर तो शब्द सेफेर म्हणजे पुस्तक असेल, सापार म्हणजे न्हावी असेल, सिपेर म्हणजे सांगितलं असेल किंवा साफार म्हणजे मोजलं असेल. मराठीत सगळ्या काना-मात्रा पुसून टाकल्या आणि 'कल' एवढंच उरलं, तर काल, केला, केली, काला यातलं काय घ्यायचं? सरावलेला वाचक संदर्भावरून क्षणात ठरवतो. ज्याला दालेत आणि रेशमधला, बेत आणि काफमधला फरकच नीट दिसत नाही, त्याची सगळी ताकद अक्षर ओळखण्यात जाते. अर्थाकडे पोचेपर्यंत तो दमलेला असतो.

त्यावर तुमच्या मुलासमोर गेमाराचं पान येतं. मधोमध मजकूर, तोही बराचसा अरामी भाषेत, ना ठिपके ना विरामचिन्हं. एका बाजूला राशी या मध्ययुगीन पंडितांचं भाष्य, दुसऱ्या बाजूला तोसाफोत, म्हणजे नंतरच्या पंडितांची टिपणं, आणि दोन्ही 'राशी लिपी' नावाच्या वेगळ्याच वळणाच्या अक्षरांत. (राशी स्वतः या लिपीत लिहीत नसत. ते 1105 साली वारले आणि हे वळण छापखान्यांनी सुमारे चारशे वर्षांनी रूढ केलं. ज्या वळणाशी राशींचा संबंध नाही, त्यापायी एखादं मूल राशींपासून तुटतं, याचं मला फार वाईट वाटतं.) याच दिवशी त्याला इंग्रजीही आहे, डावीकडून उजवीकडे. सकाळच्या प्रार्थनेपासून दुपार उलटेपर्यंत धर्माचे आणि बाकीचे असे दोन्ही अभ्यासक्रम चालतात. माझे विद्यार्थी दुपारच्या तासाला बाकावर डोकं टेकायचे आणि शिक्षकांना वाटायचं की रात्री जागले असणार.

आता गेमारातून सूट घेण्याबद्दल. घेऊ नका. मी या एका गोष्टीवर अनेक मुख्याध्यापकांशी भांडले आहे. धार्मिक हायस्कुलात गेमाराचा तास म्हणजे नुसता एक विषय नव्हे. तिथेच मैत्री होते, तिथेच रब्बींशी नातं जुळतं. त्या तासाला मुलाला ग्रंथालयात बसवलं की सगळ्या शाळेला कळतं, हा आपल्यातला नाही. सूट पानापासून द्या, खोलीपासून नको. शाळेकडे पहिली मागणी हीच: मुलगा तिथेच बसेल, फक्त पान वेगळं असेल. रब्बी आदिन श्टाइनझाल्त्स यांनी 1965 ते 2010 अशी 45 वर्षं खपून अख्ख्या बाबिली तल्मूदची ठिपके आणि विरामचिन्हं असलेली, हिब्रू स्पष्टीकरणाची आवृत्ती पुरी केली. बहुतेक शाळांच्या ग्रंथालयात ती असते. काही रब्बींना ती 'कुबडी' वाटते. त्यांना मी विचारत असे की कुबडी नसेल तर हा मुलगा चालेल की घरीच बसेल?

दुसरी मागणी खुणेच्या शब्दांची. गेमाराची चर्चा ठरावीक शब्दांवर वळणं घेते. 'ता शमा' आलं की पुरावा येणार, 'मेतीवे' आलं की आक्षेप, 'माइ तामा' म्हणजे कारण विचारलं. असे वीस-पंचवीस शब्द मी पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहून घेत असे आणि पानाच्या छायाप्रतीवर प्रश्न निळ्या पेन्सिलीनं, उत्तर हिरव्या, आक्षेप लाल, असं रंगवून घेत असे. अक्षरं कळायच्या आधीच वादाचा नकाशा दिसतो. आणि 'ता शमा'चा अर्थ काय तर 'ये, ऐक'.

तिसरी मागणी जोडीदाराची. हेवरूता, म्हणजे दोघांनी मिळून मोठ्यानं शिकणं, आपल्या परंपरेतच आहे, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. फक्त वर्गातला सर्वांत हुशार मुलगा देऊ नका, तो एकटाच बोलत राहतो. शांतपणे नीट वाचणारा आणि 'मला नाही कळलं' म्हणायला न लाजणारा मुलगा शोधा. तो वाचेल, तुमचा मुलगा अर्थ लावेल. अशा जोडीत दोघंही शिकतात, हे मी खूपदा पाहिलं आहे. धडा संपल्यावर वाचणाऱ्याचा आवाज फोनवर मुद्रित करून घ्यायचा आणि घरी दोनदा ऐकायचा. फोन परत द्या म्हटलं ते यासाठी.

जादा शिकवणी लागलीच तर व्यायामाच्या किंवा चित्रकलेच्या तासातून काढू नका. दिवसभरात जिथे तो बरोबरीनं उभा असतो, ते तेवढेच तास. सकाळची वेळ मागा.

बग्रुतच्या, म्हणजे हायस्कूल संपतानाच्या सरकारी परीक्षेसाठी शाळेच्या समुपदेशक बाईंना, योएत्सेतना, याच महिन्यात भेटा. अकरावीची वाट पाहू नका. इथे या मुलांसाठी परीक्षेत सवलती आहेत. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुका न धरणं, प्रश्नपत्रिका वाचून दाखवणं, उत्तर सांगून लिहवून घेणं आणि अडचण मोठी असेल तर तोंडी परीक्षा. हलक्या सवलती शाळेतच ठरतात, मोठ्या सवलतींचा अर्ज जिल्ह्याच्या समितीकडे जातो. शिक्षकांची निरीक्षणं, जुन्या उत्तरपत्रिका, तपासणीचे कागद हे सगळं जमवायला महिने लागतात. आणि मिळालेल्या सवलतीचा सराव लागतो, हे कुणी सांगत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीला उत्तर सांगून लिहवण्याची परवानगी मिळाली. परीक्षेच्या दिवशी अनोळखी बाई पेन घेऊन समोर बसल्या आणि हिच्या तोंडून शब्द फुटेना. आधी एकदाही तसं बसवलं नव्हतं. चूक माझी होती. त्यानंतर मी प्रत्येक चाचणीत तसाच सराव घेतला.

हातकामाच्या शाळेबद्दल एवढंच, की त्याला यंत्रं, लाकूड, तारा यांची ओढ असेल तर ती उत्तम वाट आहे. वाचता येत नाही म्हणून तिकडे ढकलू नका. तिथेही पुस्तकं आहेत आणि अडचण त्याच्याबरोबर जाईल.

राहिले त्याचे बाबा आणि रब्बी. दोघांना तल्मूदच्या एरुविन या भागातली रब्बी प्रेदांची गोष्ट आठवत असेल. त्यांचा एक शिष्य होता, त्याला प्रत्येक धडा 400 वेळा सांगावा लागे. एके दिवशी 400 वेळा सांगूनही त्याला येईना. रब्बींनी विचारलं, आज काय झालं? तो म्हणाला, गुरुजी, कुणी येऊन तुम्हाला एका पुण्यकार्यासाठी बोलावलं, तेव्हापासून माझं चित्तच ठिकाणावर नाही. आत्ता उठतील, आत्ता उठतील, असंच वाटत राहिलं. रब्बी प्रेदा म्हणाले, लक्ष दे, मी शिकवतो. आणि पुन्हा 400 वेळा शिकवलं.

लोक या गोष्टीतून चिकाटी घेतात. मला त्यातलं रब्बींचं 'आज काय झालं?' हे विचारणं मोठं वाटतं. त्यांनी शिष्याला आळशी ठरवलं नाही, कारण विचारलं. आणि शिष्याला खरं कारण सांगता आलं, म्हणजे आधीच्या शेकडो धड्यांत त्याला कुणी लाजवलं नसणार. तुमच्या मुलाला हा प्रश्न शेवटचा कधी कुणी शांतपणे विचारला? ह्यांना विचारायला सांगा, आणि उत्तर यायला वेळ लागला तर बसून राहायला सांगा.

प्रश्न: माझा मुलगा-सून लोदला असतात. नात नववीत, मुलींच्या धार्मिक शाळेत. वाचायला अडखळते म्हणून सून तिची तपासणी करून घेणार आहे. माझा जीव खालीवर होतो. आपला समाज मूठभर. उद्या स्थळं बघताना कुणी म्हटलं, मुलीच्या डोक्यात दोष आहे, तर? घरच्या घरी शिकवणी लावून नाही का भागणार?
— एक आजी, ठाणे

उत्तर: आजी, तुमची भीती खोटी नाही. मी ती आमच्याच घरात पाहिली आहे.

माझा धाकटा भाऊ सातवीत दोनदा नापास झाला. त्याला शुक्रवार रात्रीचा किद्दूश, शाब्बाथच्या स्वागताची प्रार्थना, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत पाठ होता, चर्चगेटपासून विरारपर्यंतची स्टेशनं सरळ आणि उलट पाठ होती. प्रगतिपुस्तकात शिक्षकांनी लिहिलं, 'बेफिकीर'. बाबांनी त्याला मारलं. लोक काय म्हणतील म्हणून आईनं कुणाला काही विचारलं नाही, शिकवणी लावली. शिकवणीच्या मास्तरांनी तेच पान आणखी जोरात वाचायला लावलं. चौदाव्या वर्षी त्यानं शाळा सोडली. आम्ही शिक्का टाळला असं आम्हाला वाटलं, पण त्यानं तो स्वतःच स्वतःवर मारून घेतला होता. आज तो साठीला आला आहे, हाताखाली माणसं आहेत, तरी कुठलाही अर्ज आला की 'चष्मा विसरलो' म्हणतो.

तपासणीचा कागद शाळेत कुलपात राहतो, फळ्यावर लागत नाही. तो असला की परीक्षेत सवलत मिळते आणि पुढे कॉलेजातही उपयोग होतो. 2008 सालापासून इथे त्यासाठी कायदा आहे. सुनेला अडवू नका. तिला फोन करून म्हणा, 'बरं केलंस.' सासूच्या तोंडून आलेल्या या दोन शब्दांनी तिला किती बळ येईल, ते मी सांगायला नको.

तुमच्याकडेही काम आहे. आपल्याकडे पूर्वी तोराहमधल्या (मोशेच्या पाच ग्रंथांतल्या) गोष्टींची मराठी कीर्तनं व्हायची, तुम्ही लहानपणी ऐकली असतील. दर गुरुवारी व्हिडिओ कॉल लावा आणि त्या आठवड्याच्या पाराशाची (तोराहमधून वाचायच्या भागाची) गोष्ट नातीला मराठीत रंगवून सांगा. मग तिला तिच्या भाषेत परत सांगायला लावा. शुक्रवारी वर्गात ते पान उघडेल तेव्हा याकोब कोण, लाबाननं काय केलं, हे तिला आधीच ठाऊक असेल. गोष्ट माहीत असली की अक्षरं ओळखणं खूप सोपं जातं. पुस्तक मात्र हातात घेऊ नका, आणि 'आता वाचून दाखव' असं एकदाही म्हणू नका.

प्रश्न: मी मुंबईत ज्यू समाजानं काढलेल्या एका शाळेत शिकवते. आता वर्गात ज्यू मूल क्वचितच, बहुतेक मुलं इतर धर्मांची. आमच्याकडे दहावीच्या दोन मुलांना बोर्डाची सवलत मिळाली, जादा वेळ आणि लेखनिक. बाकीच्या मुलांचे पालक म्हणतात, हा अन्याय आहे. मलाही उत्तर देता येत नाही.
— एक शिक्षिका, मुंबई

उत्तर: तुमचं पत्र वाचून आनंद झाला. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी 1875 साली मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी शाळा सुरू केली, ती पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. बेने इस्राएल निघून गेले, पण अशा शाळांतून आजही मुलं शिकून बाहेर पडतात, हे आठवलं की मला बरं वाटतं.

पालकांना एक विचारा, इतिहासाच्या परीक्षेत आपण काय तपासतो? मुलाला इतिहास येतो का, हेच ना? मग ज्याला तो येतो पण हातातून उतरत नाही, त्याचे गुण कापून आपण इतिहास तपासत नाही, त्याचा हात तपासतो. शुद्धलेखनाच्याच परीक्षेत शुद्धलेखनाची सूट मागितली, तर तो प्रश्न खरा अवघड आहे आणि तिथे मीही थांबून विचार करते. बाकी विषयांत मला शंका वाटत नाही. जादा वेळानं न येणारं उत्तर येत नाही. ज्या मुलाला धडा माहीत नाही, त्याला दुप्पट वेळ दिला तरी तो खिडकीबाहेर बघत बसतो.

भारतात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात शिकण्यातल्या या विशिष्ट अडचणींचा स्पष्ट समावेश आहे. महाराष्ट्रानं तर 1990 च्या दशकातच बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती द्यायला सुरुवात केली होती. पालकसभेत हे सांगा, की आम्ही मेहेरबानी करत नाही, कायदा पाळतो.

आणि बोलण्याऐवजी दाखवायचं असेल तर माझा जुना प्रयोग करा. मराठीचा एक उतारा घ्या, सगळ्या काना, मात्रा, वेलांट्या, उकार काढून टाका, शब्दांमधली अंतरंही काढा आणि पालकांना वाटा. चार मिनिटं द्या, मग एकेकाला उभं करून मोठ्यानं वाचायला सांगा. मी हे इथे हिब्रूत करायची. एका सभेत नेहमी सर्वांत जास्त बोलणारे गृहस्थ उभे राहिले, दोन शब्द अडखळले, लाल झाले आणि कागद खाली ठेवून म्हणाले, 'माझा मुलगा रोज असं उभा राहतो का?' त्यांच्या मुलाला अडचण आहे, हे त्या दिवसापर्यंत त्यांनी मान्य केलं नव्हतं. म्हणून कुणाला उभं करायचं ते जपून ठरवा, आणि सभा संपल्यावर त्याच्याशी दोन शब्द बोलायला थांबा.

प्रश्न: ताई, हे मी बोलतोय आणि आई लिहितेय. मी 17 वर्षांचा आहे. सहा आठवड्यांनी आजोबांची पुण्यतिथी आहे आणि त्या शाब्बाथला मी सिनेगॉगमध्ये तोराह वाचावी अशी घरच्यांची इच्छा आहे. बार मित्झ्वाच्या (तेराव्या वर्षीच्या विधीच्या) वेळी मी मध्येच थांबलो होतो आणि चार बाजूंनी लोक चूक सुधारायला ओरडले होते. तेव्हापासून मी मागच्या बाकावर बसतो. मला वाचायचं आहे, आजोबांसाठी. पण भीती वाटते.
— अश्दोद

उत्तर: बाळा, सेफेर तोराहमध्ये, म्हणजे हातानं लिहिलेल्या तोराहच्या गुंडाळीत, कुणासाठीच ठिपके नसतात, सुरांच्या खुणाही नसतात, पूर्णविराम नसतो. सगळ्यांत छान वाचणारा माणूसही तिथे फक्त बघून वाचत नाही. तो आठवडाभर कानानं आणि गळ्यानं तयारी करून येतो आणि गुंडाळीसमोर उभा राहून शब्दांवरून नजर नेत आठवतो. तुझे पणजोबा-खापरपणजोबा कोकणात तेल गाळायचे, शनवारी घाणा बंद ठेवायचे. त्यांच्याकडे पुस्तकं नव्हती, तरी त्यांनी 'शमा' ही प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपली. मराठी भाषांतराची हग्गादा, वल्हांडणाच्या रात्री वाचायचं पुस्तक, पुण्यात छापली गेली ती 1874 साली. त्याआधीचं किती तरी कानांनीच वाहून आणलं आहे. तू त्यांचाच आहेस.

आता कामाचं बोलू. संपूर्ण पाराशा घेऊ नकोस, एकच भाग माग, सर्वांत छोटा. चांगला वाचणाऱ्या कुणाकडून तो फोनवर मुद्रित करून घे, आधी सावकाश, मग नेहमीच्या वेगानं. पहिले दोन आठवडे नुसतं ऐक, बसमध्ये, झोपताना, आणि त्याबरोबर गुणगुण. पुस्तक उघडू नकोस. तिसऱ्या आठवड्यापासून ठिपके असलेल्या पानावर बोट ठेवून ऐक, म्हणजे कोणत्या शब्दावर सूर कुठे वळतो ते डोळ्यांना कळेल. नजर अक्षरांवर हवीच, नुसतं पाठ म्हणून चालत नाही, तो नियम तुलाही माहीत आहे. चौथ्या आठवड्यात तिक्कुनचं पान घे. त्यात एका रकान्यात ठिपके असतात आणि शेजारच्या रकान्यात सेफेरसारखी कोरी अक्षरं. एकेक ओळ हातानं झाकून बघ. शेवटच्या आठवड्यात, सिनेगॉग रिकामं असताना, गब्बाईंना, म्हणजे सिनेगॉगची व्यवस्था बघणाऱ्यांना, सांगून खऱ्या सेफेरसमोर उभा राहा आणि याद नावाच्या चांदीच्या काडीनं शब्द दाखवत दोनदा वाच.

गब्बाईंशी आईनं नाही, तू स्वतः बोल. म्हण, 'चुकलो तर फक्त तुम्ही हळूच सांगा, बाकी कुणी नाही.' ते शाब्बाथच्या सकाळी सगळ्यांना तसं सांगतील. नाही सांगितलं तर मला कळव, मी फोन करीन. प्राचीन ज्यू गुरू हिल्लेल यांचं वचन आहे की लाजणारा शिकत नाही आणि रागीट माणूस शिकवू शकत नाही. पहिल्या अर्ध्याची काळजी तू घे, दुसऱ्या अर्ध्याबद्दल गब्बाईंशी मी बोलेन.

पहिल्या तीन ओळी बसल्या की मुद्रित करून पाठव. मी ऐकून त्याच दिवशी उत्तर देईन. तू बोलून पाठवशील, मीही बोलूनच पाठवीन.